दोन कागदांची जाडी

नाना,

काल तुमचं तेरावं झालं. मंडप सुटला, भाड्याची भांडी परत गेली, पाहुणे आपापल्या गावी पांगले. आज घर इतकं शांत आहे की कशेळीच्या पुलाकडे चढणाऱ्या कंटेनरने गिअर बदललेला ऐकू येतो. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती मी पहिल्यांदा सांगून टाकते, कारण मला माझा स्वभाव माहीत आहे. तुम्हीच म्हणायचात, सूनबाईला सरळ रस्ता दिसला की ती आधी गल्ली शोधते.

गावदेवीच्या दारावरच्या पाटीत अक्षरांभोवती जी रेघ दिसते, ती तुमचा हात चुकल्यामुळे पडलेली नाही. ती माझ्यामुळे पडली. मला हे त्याच दिवशी संध्याकाळी कळलं होतं. त्यानंतर तुम्ही आठ महिने होतात, रोज माझ्या हातचा चहा पीत होतात, आणि मी बोलले नाही.

यंत्र घरी आलं तेव्हाचे तुम्ही मला अजून दिसता. लाकूड कोरणारं, जेवणाच्या टेबलाएवढं घरगुती सीएनसी. चार खोक्यांतून सुटे भाग आले होते. आपल्याकडे बंगल्यांना तोटा नाही आणि प्रत्येक बंगल्याला नावाची पाटी लागते, एवढाच विचार करून मी ते मागवलं होतं. तुमचे चिरंजीव पूर्ण्याच्या गोदामातली ड्युटी संपवून आले आणि खोकी बघून म्हणाले, "खेळणं आलं का?" तुम्ही हसला नाहीत. तीस वर्षं लूमचे जॉबर होतात, बिघडलेला लूम ताळ्यावर आणायचा हीच नोकरी. सुटे भाग बघून तुमचे हात शिवशिवणारच. आईंचा मसाल्याचा डबा रिकामा करून त्याच्या वाट्यांत तुम्ही स्क्रू लावले, सगळ्यात बारीक हळदीच्या वाटीत. तीन दिवसांत यंत्र उभं राहिलं. आई मात्र आठवडाभर तुमच्याशी बोलल्या नाहीत आणि पहिल्या पाटीवर एक पिवळं बोट उमटलं होतं, ते घासता घासता माझी दुपार गेली.

मला माहेरी कुणी हत्यार हातात धरू दिलं नव्हतं. खिळा ठोकायचा तरी भावाला हाक मारायची, अशी शिस्त. तुम्ही मला स्पॅनर दिलात आणि फक्त एवढंच म्हणालात, "उलटा धरलाय." त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. घरातल्या माणसाचे कुठे कोण मानतं?

जुळणी तुमची आणि कॉम्प्युटर माझा, अशी वाटणी आपोआप झाली. भांडण एकाच जागी व्हायचं, टूल म्हणजे कोरायचं पातं बदलताना. मी तुम्हाला समजावलं होतं की या यंत्राला डोळे नाहीत. टूलचं टोक लाकडाला कुठे टेकतं हे आपण त्याला सांगायचं, मग ते तिथून मोजून खाली उतरतं. जाड टूल काढून बारीक लावला की लांबी बदलली, म्हणजे पुन्हा सांगायचं. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे आंधळं हाय. दर खेपेला हात धरून जमिनीला पाय टेकवाया लावायचा." व्हिडिओ बघून बघून मी डोळे फोडून घेतले होते, पण इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाय टेकवायची तुमची रीत कागदाची. लाकडावर कागद ठेवायचा, टूल त्याच्यावर उतरवत आणायचा आणि कागद ओढून बघत राहायचं. मी कीबोर्डवर एकेकदा बटण दाबायची, टूल केसाएवढा खाली यायचा आणि तुम्ही वाकून कागद ओढायचात. "अजून. अजून. अजून एक." मग हात वर. "बास." मी विचारलं होतं, बास नक्की कधी म्हणायचं? तुम्ही म्हणालात, "कागद सरकाया पायजे, पन मनानं न्हाय." माझ्याकडून तो कधी फाटायचा, कधी सळसळत बाहेर यायचा. तुमच्या बोटांना मात्र तो मधला क्षण बरोबर सापडायचा.

कागदही ठरलेला. सकाळी उठलं की तारखेच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडायचं आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवायचं. "कालचा दिवस बसून हाय, त्याला कामाला लावू," म्हणायचात. समोरच्या रस्त्यावरून ट्रेलर गेला की आपली फरशी हलते, आणि फरशी हलली की टूलचं टोकही हलतं. लूमच्या खडखडाटात तुमचे कान निम्मे गेले होते, तरी ट्रेलर तुम्हाला माझ्याआधी तळपायातून कळायचा. तुमचा तळवा वर व्हायचा. ट्रेलर जाईपर्यंत आपण दोघं तसेच, तुम्ही वाकलेले आणि माझं बोट बटणावर.

मला हे सगळं जुनाट वाटायचं, खोटं कशाला बोलू? मला टच प्लेट हवी होती. वायर लावलेली धातूची चकती, टूल तिला टेकला की कॉम्प्युटर टिंग करतो आणि उंचीची नोंद आपोआप होते. वर्षभर मी तुमच्या मागे लागले होते.

"नाना, सगळं जग हेच वापरतं."

"जगाला बोटं न्हायत काय?"

"वेळ वाचतो."

"वाचलेल्या येळात काय करशील? यंत्रानं यंत्राला इचारायचं, मंग आपुन काय नुसता चहा प्यायचा?"

"हो, प्या. मी करून देते."

मी म्हणेन ती पूर्व दिशा, असा आपल्या दोघांचाही स्वभाव. एका घरात दोन पूर्व दिशा, मग चकती काय येते!

गावदेवीच्या पाटीचं काम कमिटीने दिलं तेव्हा तुम्ही स्वतः वखारीत जाऊन सागाची फळी निवडलीत. वखारीतले चाचा एके काळी तुमच्या हाताखाली लूम चालवायचे. म्हणाले, "उस्ताद, देवी का काम है, गाँठवाला टुकड़ा तुमको नहीं दूँगा." दोन मोर, मधे देवीचं नाव, भोवती न कोरलेली चौकट. जाड टूलने सगळी पार्श्वभूमी खोल करायची आणि मग अक्षरांच्या आणि पिसांच्या फटीत बारीक टूल फिरवायचा, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी दारावर चढणार होती.

त्या दिवशी तुम्हाला आत्याबाईंकडे शेलारला जावं लागलं. जाताना म्हणालात, "मी येईतो थांब." मी थांबले नाही. मला एकटीला जमतं हे दाखवायचं होतं, आणि दुसऱ्या कुणाला नाही, तुम्हालाच. जाड टूल लावला. कागद शोधायला गेले तर तारखेचं पान तुमच्या खिशातून शेलारला गेलेलं. फ्रिजवर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका पडली होती, जाडजूड, सोनेरी गणपतीची. तिचा कोपरा फाडला, लाकडावर ठेवला, एका हाताने बटण आणि दुसऱ्या हाताने पत्रिका. पहिल्याच फटक्यात जमलं. जमणारच, पत्रिका काही कॅलेंडरच्या पानासारखी फाटत नाही.

दुपारी तुम्ही आलात. कोरलेल्या भागावरून पंजा फिरवलात आणि म्हणालात, "झ्याक झालंय. आता माझं काय काम?" मी अशी फुगले नाना, की पत्रिकेचं सांगायचं डोक्यातून गेलं. त्या वेळी लपवलं नव्हतं, शपथ. खरंच विसरले. मग बारीक टूल लावला, तुम्ही खिशातून पान काढलंत, आणि आपण नेहमीसारखे बसलो. अजून, अजून, बास. मी समोर बसून तुमच्या बोटांतला तो पातळ कागद बघत होते आणि मला काहीही आठवलं नाही.

संध्याकाळी पाटी यंत्रावरून काढली, घासली, तेल लावलं आणि ओट्यावर आणली. उतरत्या उन्हात ती रेघ दिसली. प्रत्येक अक्षराभोवती जमीन जरा खचलेली. तुम्ही नख फिरवलंत, ते अडलं. पुन्हा फिरवलंत. मग पायरीवर बसलात आणि स्वतःचा उजवा हात उलटा-सुलटा करून बघितलात.

"बारीक टूल खाली गेला, पोरी. कागद अडला तो मला कळला न्हाय."

मी चहा ठेवायला आत आले आणि फ्रिजवर ती कोपरा फाटलेली पत्रिका दिसली. पत्रिका तुमच्या कागदाच्या कितीतरी पट जाड. माझा जाड टूल लाकडाला टेकलाच नव्हता, तो पत्रिकेवर उभा होता. यंत्राला वाटलं तेच लाकूड. म्हणून सगळी पार्श्वभूमी पत्रिकेएवढी उथळ राहिली. तुमचा बारीक टूल जिथे जायला हवा तिथेच गेला होता. त्या पाटीत बरोबर खोली कुठे असेल तर ती तुमच्या हातची.

तेवढ्यात बाहेरून तुमची हाक आली. "पोरी, फळी परत चढवून जाड टूल जरा खालून फिरवू. रेघ जाईल. पन किती खाली, ते कळाया पायजे." तुम्ही फळी परत तंतोतंत बसवली असतीत, ती करामत तुमच्याकडे होती. आणि किती खाली, ते माझ्यासमोर फ्रिजवर पडलं होतं. दोन्ही कागद जाडी मोजायच्या मापात धरायचे, एकातून दुसरं वजा करायचं. तासाभरात पाटी सपाट झाली असती.

मी चहा घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "जाऊ द्या ना नाना, एवढ्या उंचावर कुणाला दिसतंय?"

का म्हणाले असं? तुम्ही रागावला असतात म्हणून नाही. तुम्ही हसला असतात आणि आठवडाभर मला पत्रिकेवरून चिडवलं असतंत, फार तर. पण "थांब" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं आणि दुपारची ती शाबासकी मला परत करावी लागली असती. तेवढ्यासाठी, नाना. इतक्या लहान गोष्टीसाठी.

दुसऱ्या दिवशी देवळात पाटी चढली. सगळे माना वर करून बघत होते. कमिटीचे बाळारामकाका पहिल्यांदा मोरांचं कौतुक करत होते, मग मोबाइलचा उजेड पाडून म्हणाले, "नाना, अक्षराभोवती ही रेघ कसली ओ?" तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, "नक्षी सुनेची हाय. रेघ माझी. हात गेला आता." लोक हसले, तुम्हीही हसलात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी आपणहून फासाकडे चालत गेला आणि चोर पूजेचं ताट घेऊन शेजारी उभा होता. ताटातला दिवा विझू नये म्हणून मी त्याच्यावर हात धरला होता, एवढंच मला त्या सकाळचं नीट आठवतं.

त्यानंतर तुम्ही कागद ओढायला बसला नाहीत. पुढच्या कामाला मी हाक मारली तर प्लास्टिकच्या खुर्चीतून म्हणालात, "तूच लाव. आन् ती तुझी चकती मागव." वर्षभराचं भांडण मी जिंकले होते. कुरिअर आलं तेव्हा खोकं फोडायचीसुद्धा इच्छा होईना.

चकती छान चालते, अजूनही चालते. टूल टेकतो, टिंग वाजतं. तुम्ही खुर्चीतून विचारायचात, "वाजलं?" मी म्हणायची, "वाजलं." दर वेळी तेच. मला वाटायचं तुम्ही चेष्टा करता. महिनाभराने एकदा मी मुद्दाम उत्तर दिलं नाही, तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत थांबलात. तेव्हा कळलं की तुम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही. लूमने जे कान नेले त्यात हा बारीक आवाज आधी गेला होता. तुम्ही वर्षभर त्या चकतीला का अडवत होतात, तेही तेव्हाच कळलं. तिच्या कामात तुम्हाला शिरायला जागा नव्हती. तुम्ही ते कधी बोलला नाहीत. मी माझं बोलले नाही. एरवी एवढी भांडणारी दोन माणसं आपण!

तारखेचं पान फाडायचंही तुम्ही सोडून दिलंत. कॅलेंडर चार-चार दिवस मागे राहायचं, मग आई एकदम चार पानं ओढून काढायच्या.

आणि तरीही तुम्ही यंत्राजवळ बसायचात. टेबलाच्या पायाला पाऊल टेकवून पेपर वाचायचात आणि मधेच मान वर न करता म्हणायचात, "टूल बोथट झालाय, बदल." मी बघायची तर खरंच धार गेलेली. माझे कितीतरी टूल तुम्ही मोडता मोडता वाचवलेत. ज्या माणसाला धार गेलेली पावलातून कळते, त्याच्या बोटांना कागद कळणार नाही? हे मी रोज बघत होते आणि गप्प होते. खाई त्याला खवखवे. पाटीचा विषय निघाला की मला गॅसवरचं दूध आठवायचं. एकदा चहा देताना मी सुरुवात केली होती, "नाना, त्या पाटीचं जरा..." तुम्ही म्हणालात, "जाऊ दे गं, म्हातारपन कुनाला चुकलंय?" आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

तुम्ही गेलात त्या सकाळी छातीवर हात ठेवून बसलात आणि दहा मिनिटांत संपलं. काही बोलायला वेळ नव्हता. पण मला आठ महिने मिळाले होते, दहा मिनिटांना काय दोष देऊ?

काल पंगतीत बाळारामकाकांच्या शेजारचा कुणी पाहुणा म्हणाला, "नाना जॉबर मोठा. पन शेवटी हात गेला व्हता, देवळातल्या पाटीवर दिसतंय." चार जणांनी माना डोलावल्या. मी भात वाढत होते. मी विचारलं, "अजून वाढू का?" बस्स, एवढंच बोलले. मागे येऊन भाताचं पातेलं खाली ठेवलं तेव्हा कळलं, आता हे असंच चालणार. तुम्ही वाटेवर आणलेले शेकडो लूम भंगारात गेले, त्यांचं कुणाला काही आठवणार नाही. पाटी मात्र पन्नास वर्षं टिकेल. साग आहे, चाचांनी चांगला दिला होता.

म्हणून आज सकाळी उठून देवळात गेले. बाळारामकाका तिथेच होते. त्यांना सगळं सांगितलं, पत्रिका, तारखेचं पान, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "अगो, कागदाच्या जाडीवरून कोन काय बोलतंय? गेलेल्या मानसाचं कोन मनावर घेत न्हाय."

मी म्हटलं, "मी घेते. पुढे कुणी विचारलं तर माझं नाव सांगायचं. रेघ सुनेची."

"बरं, बरं," म्हणाले. रडून आलेल्या बाईला म्हणतात तसं. पण मी पुन्हा सांगेन. पुढच्या मंगळवारी सांगेन, जत्रेला सांगेन. माझी भांडायची ताकद तुम्हाला माहीत आहे.

घरी आले तर आई मागच्या दारी पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर बसले आणि त्यांनाही सांगितलं. मला वाटलं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यांचा हात गेला नव्हता ते मला ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "जायच्या आदल्या दिशी माझ्या टाचंत काटा मोडला. खोल व्हता. चष्मा न्हाय, काय न्हाय, सेफ्टी पिन घेतली आन् काढला. मला कळला बी न्हाय. मी बोलले, हात गेला म्हनता, मंग हा काटा कोनी काढला? तर बोलले, काट्याचं येगळं, मशीनचं येगळं."

मग माझ्याकडे वळल्या. "तू तवा सांगितलं असतंस तर..."

त्यांनी पाय माझ्याकडे सरकवला. मी टाच मांडीवर घेतली, उजेडाकडे वळवली, बोट फिरवून बघितलं. पुन्हा फिरवलं. काटा कुठून निघाला ती जागा मला सापडली नाही, नाना.